मीठ न खाणारं मशीन

थेंबे हे काही त्याचं आडनाव नव्हे. जड पाणी मऊ करायची मशीनं विकणाऱ्या आमच्या दुकानात तो मशीन बसवणारा आणि मी टेलिफोनवरची बाई. कुणाच्या घरी गेला की हा खिशातून बोटभर काचेची नळी काढायचा, नळाचं पाणी घ्यायचा आणि त्यात औषधाचे थेंब सोडत बसायचा. जड पाणी गुलाबी होतं. ते निळं व्हायला जितके थेंब लागतील तितकं ते जड. मशीनमधून आलेल्या चांगल्या पाण्याला एकही थेंब लागत नाही. कुणाकडे नुसता चहाला गेला तरी आधी यांचं थेंब मोजणं, मग चहा. म्हणून थेंबे. लग्नानंतर महिनाभरात त्याच्या बायकोनेही हात टेकले आणि तीही त्याला थेंबेच म्हणू लागली.

अशा माणसाने उभ्या नोकरीत फक्त एकदा थेंब मोजले नाहीत. ही त्याची गोष्ट आहे आणि थोडी माझी. सांगताना मला राग येतो, तो कुणाचा ते कळेलच.

गेल्या वर्षी एका सकाळी फोन आला. एक मुलगी सांगत होती, "तुमचं मशीन नऊ वर्षांपूर्वी बसवलंय, तरी शॉवरच्या काचेवर पांढरे डाग पडतात."

टेलिफोनशेजारी मालकांनी उत्तरांचं कार्ड चिकटवून ठेवलं आहे. मी त्यातलं दुसरं उत्तर वाचलं, "अंघोळ झाली की काच पुसत जा."

ती म्हणाली, "बाई, माझी आई दिवसभर तेच करते. अंघोळ न करता."

मी पत्ता विचारला. पत्ता मला पाठ होता.

मशीन बसवल्यावर पहिल्याच वर्षी त्या घरून तीन फोन आले होते. या मुलीच्या आईचे. अगदी हळू बोलायच्या. घरात साहेब, म्हणजे त्यांचे यजमान, यांचा हिशेब सरळ होता. मशीन आणलंय, त्यामुळे डाग पडणारच नाहीत. पडले, तर बायको नीट पुसत नाही. रोज अंघोळीनंतर चष्मा लावून काच तपासायचे. तिसऱ्या फोनवर काकू म्हणाल्या, "एवढंच सांगाल का हो त्यांना, की मशीन असलं तरी थोडे डाग पडतात?" आणि मी, दुकानाची इमानदार नोकर, ठसक्यात म्हणाले, "असं कसं सांगू? आमचं मशीन असलं की डाग पडतच नाहीत." लगेच तिकडून पुरुषी आवाज आला, "ऐकलंस?" रिसीव्हर त्यांनीच धरला होता. त्यानंतर त्या घरून फोन आला नाही.

साहेब मात्र वर्षाला एकदा दुकानात येऊन प्रौढी मिरवून जायचे. "आमचं मशीन मीठच खात नाही! पहिलंच पोतं अजून चाललंय!" या मशीनना मीठ लागतं, त्यावरच त्यांचं काम चालतं. साहेब गेले की मालक म्हणायचे, त्यांच्या धाकाने मशीनसुद्धा जेवत नसेल. आम्ही पोट धरून हसायचो. जे मशीन मीठ खात नाही ते काम करत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळावं. थेंबेच्या लगेच लक्षात आलं असतं, पण तो त्या वेळी कुठेतरी कामावर असायचा. मालकांना आणि मला हसायला फुरसत होती, विचार करायला नव्हती.

मी थेंबेला पाठवलं. तासाभरात तो परत आला आणि माझ्या टेबलावर एक जुनं कार्ड ठेवून उभा राहिला. मशीनच्या मागे एक निळा दांडा असतो. बसवताना तो आडवा ठेवतात, म्हणजे पाणी मशीनला वळसा घालून थेट घरात जातं. काम संपलं की तो उभा करायचा. नऊ वर्षं तो आडवाच होता. मशीनमध्ये पाण्याचा एक थेंब गेला नव्हता. आणि मशीनवर लटकवलेल्या कार्डावर थेंबेच्याच अक्षरात लिहिलं होतं, "चाचणी केली. शून्य थेंब."

"न मोजता लिहिलं, ताई," तो म्हणाला. "आज मोजले. बावीस."

तारीख बघून मला आठवलं. त्या दुपारी त्याच्या बायकोला दवाखान्यात नेलं होतं. 'असशील तसा निघून ये' असा निरोप मीच त्या घरी फोन करून दिला होता. संध्याकाळी त्याला मुलगी झाली.

मालकांनी सल्ला दिला, "दांडा उभा केलास ना? झालं तर. मशीन साफ केलं म्हण आणि ताकास तूर लागू देऊ नकोस. साहेब जाऊन दीड वर्ष झालं, बाईंना तर काही आठवत नाही. सांगून कुणाचं भलं होणार आहे?"

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, त्यात माझंही झाकलं जात होतं.

थेंबेला पटलं नाही. त्याच आठवड्यात त्याच्या लेकीचा वाढदिवस होता. ती गळ्यात पडली तरी त्याला तो निळा दांडा दिसायचा. काकूंच्या हातातल्या काच पुसायच्या रबराचा आवाज कानातून जात नाही म्हणाला. जेवताना येतो, रस्त्यात येतो. "तुला येतो का गं, ताई?" मी नाही म्हणाले. मला रबराचा आवाज येत नव्हता. प्रत्येक वेळी रिसीव्हर उचलला की पहिल्यांदा "ऐकलंस?" ऐकू यायचं, आणि मग गिऱ्हाईक.

चौथ्या दिवशी तो सांगायला निघाला. मीही गेले. दारात काकूंच्या मुलीला त्याने सगळं सांगितलं. तिने नुसतं आत बोट केलं.

बाहेरच्या खोलीत एक खुर्ची होती, बाथरूमचं दार समोर दिसेल अशी ठेवलेली. खुर्चीच्या हातावर साहेबांचा चष्मा होता. उशीला बसून बसून पडलेला खळगा अजून तसाच होता. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण मी त्या खुर्चीला अंग लागू न देता पलीकडे गेले.

काकू कोरड्या काचेवर रबर ओढत होत्या. वरून खाली, वरून खाली. दांडा उभा करून चार दिवस झाले होते, पाणी मऊ येत होतं, पण जुने डाग आता काचेतच उतरले होते. ते कशानेच जाणार नव्हते.

"हळू बोला," काकू म्हणाल्या. "ते बाहेर बसलेत."

थेंबेने हळूच सांगितलं. दांडा, कार्ड, न मोजलेले थेंब. काकूंनी हात थांबवला.

"म्हणजे मी नीट पुसत होते?"

"नीटच पुसत होता, काकू. चूक माझी."

"मग त्यांना सांगा ना. माझं नाही ऐकत. त्या टेलिफोनवरच्या बाईसुद्धा त्यांच्याच बाजूने बोलल्या."

मी दारातच होते. पुढे झाले नाही.

थेंबे बाहेर गेला, खुर्चीसमोर हात बांधून उभा राहिला आणि त्या खळग्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. आतून काकूंनी विचारलं, "काय म्हणाले?"

"चुकलं म्हणाले."

काकू चक्क हसल्या. "ते? कुणाला बनवता?" आणि पुन्हा रबर ओढू लागल्या. स्वतःच्या मुलीचं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण नवरा पक्का लक्षात होता.

तेव्हापासून थेंबे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिथे जातो. मशीनमध्ये मीठ घालतो, थेंब मोजतो, मग काकूंना सांगतो. त्या विसरलेल्या असतात, त्यामुळे दर वेळी नव्याने सांगावं लागतं, आणि दर वेळी त्याचं तोंड तितकंच उतरतं. "म्हणजे मी नीट पुसत होते?" मग खुर्ची. मग "काय म्हणाले?" बरं म्हणाले, वाईट वाटलं म्हणाले, माफ कर म्हणाले, सगळं सांगून झालं. काकूंना काहीच खरं वाटत नाही. काच काढून पडदा लावू म्हटलं, तर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत.

चार सोमवार मी त्याच्याबरोबर गेले आणि चारही वेळा गप्प राहिले. पाचव्या वेळी त्याने तोंड उघडायच्या आधी मीच म्हणाले, "काकू, ती टेलिफोनवरची बाई मी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आवाज ओळखीचा वाटलाच."

"मी चुकीचं बोलले होते. मशीन असलं तरी डाग पडतात. तुमच्या काचेवर तर पडणारच होते."

"मला काय सांगता? त्यांना सांगा."

आम्ही दोघं खुर्चीसमोर उभे राहिलो. आधी थेंबे बोलला, मग मी. खुर्ची रिकामी होती, तरी कबूल करायला लाज कसली, मला "ऐकलंस?" ऐकू येईल अशी भीती वाटत होती. काहीच ऐकू आलं नाही.

"काय म्हणाले?" आतून काकू.

थेंबेने तोंड उघडलं. मी त्याचा दंड धरला आणि खुर्चीकडे नीट बघितलं.

"काहीच म्हणाले नाहीत, काकू. मान खाली घालून बसलेत."

रबराचा आवाज थांबला. काकू दारापर्यंत आल्या, चौकटीला धरून खुर्चीकडे बघत राहिल्या. बराच वेळ. मग आत जाऊन त्यांनी ते रबर खुंटीला अडकवलं आणि ओले नसलेले हात पदराला पुसले.

"बसू देत," त्या म्हणाल्या. "बसू देत तसेच."