साळवे बाईंच्या दोन सतरंज्या

साळवे बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका चांगल्या धिप्पाड माणसाला जागेवरून उठवत होत्या. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये रविवारची वादसभा चालू होती. दोन बाजूंना दोन सतरंज्या, एक नवी, एक फाटकी. विषयाच्या बाजूचे नव्या सतरंजीवर, विरुद्ध बाजूचे फाटकीवर. मध्ये खुर्चीत बाई, मांडीवर शाळेची पितळी घंटा. अर्धी सभा झाली की त्या घंटा वाजवत आणि म्हणत, "उठा, सतरंजी बदला." मग सगळ्यांनी उठून समोर जाऊन बसायचं आणि आतापर्यंत जे खोडून काढलं तेच मांडायचं. तो धिप्पाड माणूस म्हणत होता, "बाई, गुडघे दुखतात." बाई म्हणाल्या, "गुडघे नाही दुखत, मत दुखतंय. उठा."

तो उठला. मी पुढच्या रविवारीही गेलो आणि नंतर जातच राहिलो.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात हिशेब विभागात होतो. बाई बुवापाड्यातच महापालिकेच्या शाळेत शिकवत. घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. लहान होत्या तेव्हा आईवडिलांबरोबर त्यांनी धम्मदीक्षा घेतली होती, आणि घरात पहिल्या मॅट्रिक झालेल्या त्याच. आवाज फार मोठा नव्हता. रागावल्या की तो आणखी खाली जाई, मग सातवीचा वर्ग एकदम गप्प होई. वादसभा त्यांनी का सुरू केली असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "आमच्याकडे भाषण सगळ्यांना येतं. ऐकणं शिकवायला कुणी नव्हतं."

ऐंशीच्या दशकात आमची गावं कल्याणच्या महापालिकेत गेली, तेव्हापासून बाहेर पडण्याची भाषा सुरू होती. कर वाढले, ऑफिस लांब गेलं, नळाचं पाणी होतं तेवढंच राहिलं. चौकाचौकात भांडणं. वादसभेतही हाच विषय घ्या म्हणून लोक मागे लागले. बाई दोन महिने टाळत होत्या. शेवटी एका रविवारी त्यांनी फळ्यावर विषय लिहिला तो भलताच. चार देशांचा एक संघ आहे. राज्यकारभार एकत्र, व्यापार एकत्र, कर एकत्र. त्यातल्या एका लहान देशाला बाहेर पडायचं आहे. त्याने कसं पडावं?

"बाई, हे काय?" कुणीतरी म्हणालं. "आम्हाला अंबरनाथ-बदलापूरचं बोलायचंय."

"गावाचं नाव घेतलं की हाणामारी होईल. देश लांब असतो, त्याच्याबद्दल शांतपणे बोलता येतं. आणि 'पडावं का' नाही, 'कसं पडावं' यावर बोला. 'का'वर घोषणा देता येतात."

सगळे हसले. पण नव्या सतरंजीवर बाहेर पडणारा देश आणि फाटकीवर संघ बसला, आणि दहा मिनिटांत हॉलमध्ये खरोखरच एक देश तयार झाला. त्याच्या नद्या ठरल्या, सरहद्दी ठरल्या. पाण्याचे पंप संघाचे आणि पाईप देशाच्या जमिनीतून, मग पाणी कुणाचं? आगीचा बंब एकच, तो कुठे उभा राहणार? नवी जुळवाजुळव होईपर्यंत जुने कायदे चालू ठेवायचे की एका दिवसात सगळं तोडायचं? मी आयुष्यात पुष्कळ सभा पाहिल्या. त्या दिवसाइतकी मुद्द्याला धरून झालेली दुसरी आठवत नाही.

लछूशेठ सिंधी, राहायचे उल्हासनगर कॅम्प एकला. त्यांचं कापडाचं दुकान अंबरनाथला आणि गोदाम कल्याणला. ते हात वर करून उभे राहिले. "साईं, माझा दुकान ह्या देशात, गोदाम त्या देशात. मधी जकात नाका बसला तर रोज शर्टपीसचा पासपोर्ट बनवू क्या?"

"मुद्दा घेतला," बाई म्हणाल्या. "जकात. याचं उत्तर समोरच्यांनी द्यायचं."

समोर भोईरदादा बसले होते. मूळचे जांभूळ गावचे, आता घर बदलापुरात. बाहेर पडायच्या चळवळीत सगळ्यांच्या पुढे. "शेट, तुमचा शर्ट रोकला तर तुमी दुसरा घालाल. आमचे गावचा पानी कारखान्यांना जाता, न आमचे बाया हंडे घेऊन फिरतान. त्याचा पासपोर्ट कोन देल?"

"दादा, देश," बाईंनी आठवण केली.

"देशाचेच बाया सांगतंय मी!"

घंटा वाजली. सतरंज्या बदलल्या. आता लछूशेठना बाहेर पडण्याच्या बाजूने बोलायचं होतं. त्यांनी डोकं खाजवलं आणि सुरू झाले, "बाहेर निघा! छोटा घर, छोटी चाबी. ऑफिस नजदीक, साहेब पण नजदीक. पकडायला सोपा. आज साहेबला भेटायला माझा अर्धा दिवस जातो, धंदा कोण करणार?" टाळ्या पडल्या. शेठ खाली बसता बसता शेजाऱ्याला म्हणाले, "अरे, मी काय बोललो? हे तर मलाच पटला."

भोईरदादा मात्र उठले नव्हते. "मी नाय उठनार. माझा म्हनना एकच हाय."

"मग ते घरी म्हणा," बाई शांतपणे म्हणाल्या. "इथे दोन्हीकडून म्हणावं लागतं."

दादा तिथेच बसून राहिले आणि त्यांच्याभोवती विरुद्ध बाजूचे लोक येऊन बसले. बाईंनी त्यांना हाकललं नाही, पण बोलायची पाळीही दिली नाही.

मग माझी पाळी आली. मी सरळ हिशेबी सूचना मांडली. संघाच्या नोकरांना सक्ती करू नये. ज्याला संघात राहायचं त्याने राहावं, ज्याला लहान देशात जायचं त्याने जावं. कुणाची ज्येष्ठता बुडणार नाही, कुणावर अन्याय होणार नाही. मला ती निर्दोष वाटत होती.

भोईरदादांनी पाळी नसताना तोंड उघडलं. "मंग सगले शाने मोठे देशान रातील. फुटका नल न रिकामी शाला आमचे वाट्याला." आणि बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, पगार तुमचा पन संघाचाच ना? तुमी कंचे देशान रानार?"

बाईंनी घंटेवर हात ठेवला. "आज मी अध्यक्ष आहे. अध्यक्षाला देश नसतो."

लोक हसले. दादा हसले नाहीत. "वेल येल तवा बघू," म्हणाले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती वेळ आली. आमची गावं महापालिकेतून बाहेर पडली, नगरपालिका आली. बाईंच्या शाळेतल्या शिक्षकांना विचारण्यात आलं, महापालिकेत राहायचं की इथे. म्हणजे जवळजवळ माझीच सूचना. बहुतेकांनी महापालिका निवडली, आणि त्यात मला चूक दिसत नाही. तिकडे बढती होती, इकडे काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं. बाईंचं नाव ज्येष्ठतेत इतकं वर होतं की तिकडे त्या वर्षभरात मुख्याध्यापिका झाल्या असत्या. इकडे राहणारे आधी सगळे सहशिक्षकच, आणि मुख्याध्यापक बाहेरून येणार. शिवाय शिक्षक उरले नाहीत तर शाळा पाचवीपर्यंतच राहणार, असं सगळीकडे बोललं जात होतं.

बाईंचे यजमान साळवे साहेब कारखान्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने मवाळ. त्यांनी मला मुद्दाम घरी बोलावलं. "तुम्ही समजावा हिला. तीस वर्षं खडू खाल्ला, आता खुर्ची समोर आलीय."

बाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बोला. दोन्ही बाजूंनी बोला."

मी एकाच बाजूने बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मी विचारलं, "भोईरदादा बोलले ते मनाला लावून घेतलंय का?"

"छे! तो माणूस सतरंजीवरून उठत नाही, त्याचं मी कशाला ऐकू?" मेथीची काडी बाजूला टाकत त्या म्हणाल्या. "सातवीच्या वर्गात निम्म्या मुली आहेत. शाळा पाचवीवर थांबली तर त्यातल्या किती रूळ ओलांडून दुसऱ्या शाळेत जातील? तुम्ही हिशेबातले, सांगा."

"आधी कसं सांगता येईल, बाई?"

"मला येतं. मी त्यांच्या आयांना शिकवलंय."

साळवे साहेब उठून आत गेले आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. विषय तिथे संपला.

बाई राहिल्या. त्यांचं बघून आणखी दोघी राहिल्या. सहावी-सातवीचे वर्ग तिघींनी मिळून ओढले, पहिली काही वर्षं तर एकाच खोलीत. एकदा मी म्हणालो, की तुमच्यामुळे शाळा वाचली. त्या लगेच म्हणाल्या, "वाचली का ते दहा वर्षांनी सांगू. आता फक्त भरतेय."

त्यातल्या पहिल्याच वर्षी माझ्या मुलीच्या दाखल्यासाठी एकदा शाळेत गेलो होतो. नवे मुख्याध्यापक नुकतेच रुजू झाले होते. वयाने बाईंपेक्षा बरेच लहान, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट. बाई हजेरी द्यायला आत आल्या, तसे ते खुर्चीतून झटकन उठून उभे राहिले आणि त्यांना बसा म्हणू लागले. दारात मुलं टकामका बघत होती.

"सर, तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "मुख्याध्यापक उभे राहिले की मुलांना वाटतं शाळा सुटली."

सर बसले. बाईंनी टेबलावरचा खडूचा डबा उचलला आणि मुलांना पुढे घालून सातवीच्या वर्गाकडे निघून गेल्या.