काचेच्या कपाटातला डाव

खुर्शीदबी माझी मोठी जाऊ. मी तिला आपा म्हणते. अख्ख्या उदयगिरीत तिच्यासारखा लाकडी डाव कोरणारं दुसरं कुणी नाही, आणि तिच्याइतकं डोकं उठवणारंही नाही.

नात्यात लग्न निघालं की लोक साड्या बघायला जातात. आपा डोंगरातल्या नर्दीच्या लाकडाचा तुकडा निवडते आणि पटाशी, कानस घेऊन ओसरीवर बसते. आहेर म्हणजे डाव किंवा चमचे, दुसरं काही नाही. देताना बजावते, "रोज पातेल्यात घाला हा. अन्नाचं तेल-तूप मिळालं तरच लाकूड जगतं." समोरचे माना डोलावतात आणि घरी जाऊन तो डाव भिंतीवर टांगतात. मग ईदला कुणाकडे गेलं, की प्लॅस्टिकच्या ताजमहालाशेजारी तो आपाला दिसतो. तिथे ती गोड हसते. परतीच्या वाटेवर मात्र माझे कान किटतात.

"मी काय मोरपिसं वाटत फिरते? वाढायला दिला होता गं मी तो!"

"मग मला काय सांगतेस? त्यांना सांग ना!" मी वैतागते. ऐकणारी कायम मीच का?

माझ्या तस्लीमचं लग्न ठरलं तेव्हा तर विचारू नका. आपाला मूलबाळ नाही. तस्लीम तिच्याच मांडीवर वाढली. तिच्यासाठी तिने एकसंध लाकडाचा मोठा डाव काढला. दांड्यावर अशी नाजूक जाळी, की हात लावायची भीती वाटावी. निरोपाच्या वेळी सगळ्यांसमोर तिने पोरीला धरलं. "तस्लीम, एक तरी घर असं असू दे, जिथे मी माझ्या डावाने वाढलेलं जेवेन."

"तुझी शपथ, बडी अम्मी," तस्लीम रडत म्हणाली.

पोरीला सातवा महिना लागला, तेव्हा नेल्लूरला तिच्या सासरी जेवणाचं बोलावणं आलं. बसमध्ये आपा खिडकीशी बसून चक्क गुणगुणत होती. डाव तिथेही शोभेलाच ठेवला असणार, अशी मला धास्ती होती. विहीणबाई माझ्या चांगल्या ओळखीच्या होत्या.

तेच झालं. दिवाणखान्यात नवं काचेचं कपाट, त्याला कुलूप, आत पिवळे दिवे, आणि दिव्याखाली आपाचा डाव.

विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "पाहिलात? आल्यागेल्याला मी आधी हाच दाखवते. स्वयंपाकघरात न्यायला मनच होत नाही बघा."

आपा काचेला नाक लावून उभी राहिली. दिव्याच्या उबेने लाकूड पार वाळलं होतं. डावाच्या वाटीला मधोमध चीर गेली होती.

"किल्ली द्या," आपा म्हणाली.

"आधी जेवून तर घ्या."

"जेवायचंच आहे. त्यासाठीच मागतेय."

दस्तरखान पसरलेला. बिर्याणी आली, दालचा आला, सोबत स्टीलचा डाव आला. आपाने ताट दूर सरकवलं. मी पदराआड तिला चिमटा काढला. पोरीचं सासर आहे, बाई, आज तरी गप्प बस! पण ती कसली बसतेय? विहीणबाईंचा चेहरा उतरला. जावई छताकडे बघू लागला.

शेवटी तस्लीमच भडकली. "पुरे कर, बडी अम्मी! मी यांना तीनदा सांगून पाहिलं, रोज का भांडू? आणि आपल्या घरी कशाने वाढतात गं? सांग ना सगळ्यांना! काळा पडलेला ॲल्युमिनियमचा डाव आहे, दांडा वाकलेला. जन्मात मी आपल्या चुलीवर लाकडी डाव पाहिला नाही."

आपाने उत्तरासाठी माझ्याकडे पाहिलं. पोरगी खरं बोलत होती. आमच्या ओसरीवर कोरलेलं सगळं बाहेर जातं, कुणाच्या आहेरात नाहीतर व्यापाऱ्याच्या पेटीत. गावातल्या सगळ्या कारागिरांच्या घरी हेच. आपल्याच डावाने वाढून जेवायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही, आपाच्याही नाही.

आपाने ताट पुढे ओढलं आणि स्टीलच्या डावाने वाढलेलं जेवली. निघताना विहीणबाईंनी कुलूप काढून डाव तिच्या हातात दिला. म्हणाल्या, "दुरुस्त करून द्या." तो दुरुस्त होत नसतो, हे सांगायचं त्राणही आपाच्या अंगात उरलं नव्हतं. बसमध्ये तिने तो मांडीवर धरला होता. त्या दिवशी ती मला काहीच बोलली नाही, आणि मला तेच सहन होईना.

दुसऱ्या दिवशी मी आंबट डाळ केली. आपाने ॲल्युमिनियमचा डाव फळीवर टाकला आणि चीर गेलेला पातेल्यात घातला. उचलला, तर डाळ चिरेतून गळायला लागली. पातेल्यापासून ताटापर्यंत पिवळा ओघळ. अर्धी डाळ दस्तरखानावर.

माझा संताप संताप झाला. "अगं, नवा एक कोर की आपल्याला! हात काय कुणी बांधलेत?"

"आधी व्यापाऱ्याचे डाव होऊ देत," ती म्हणाली.

मी कपाळाला हात लावला.

तिने पुन्हा डाव भरला. तो गळत होता, तिचे डोळेही गळत होते, आणि ती माझ्यावरच खेकसली, "बघत काय बसलीस? ताट जवळ आण!"