आधी बीज, मग अंडी

प्रयोगशाळेत तिला सगळे टाकीमावशी म्हणतात. शिक्षण सातवी. बावीस वर्षं ती समुद्री कोळंबीच्या टाक्या सांभाळते. सहा टाक्यांतले नर तिने अळीपासून वाढवलेत, आणि गेल्या महिन्यात तेच फेकून द्यायची वेळ आली होती.

नव्या संशोधक मॅडमना एवढंच मोजायचं होतं, की कोळंबीचं बीज, म्हणजे शुक्राणू, अंड्याच्या आवरणाला किती चिकटतात. हे बीज पोहत नाही. त्याला खिळ्यासारखं टोक असतं. ते आवरणाला टेकलं की बीज चिकटतं आणि मग आत शिरतं. मॅडमनी चार वेळा प्रयोग केला. चारही वेळा सूक्ष्मदर्शकाखाली अंडी कोरीच. ‘नर निकृष्ट’ असं त्यांनी अहवालाच्या मसुद्यात लिहिलं आणि मावशीला टाक्या रिकाम्या करायला सांगितल्या.

“नाचता येईना अंगण वाकडं,” मावशी पुटपुटली.

“काय म्हणालात?”

“म्हटलं, बीज कधी घालता?”

“सगळी अंडी जमा झाली की. दहाएक मिनिटांनी.”

“अहो मॅडम, दार लावून घेतल्यावर पाहुणा आला तर तो बाहेरच राहणार ना! खारं पाणी लागलं की दोन-तीन मिनिटांत अंडं बुळबुळीत होतं. मग त्यावर नवं कवच चढतं. मादी नराचं पोटाशी साठवलेलं बीज आणि अंडी एकदमच सोडते, ती काय खुळी आहे?”

“हे कुठे वाचलंत?”

“वाचायला कशाला हवं? तुमच्या अंड्यांच्या बुळबुळीत बशा कोण घासतं?”

त्या हंगामातली, नरांपासून वेगळी ठेवलेली एकच पिकलेली मादी उरली होती. मावशीने चंचुपात्रात आधी बीज घालायला लावलं. मग मादी ओंजळीत धरून पात्रावर नेली. अंडी पडू लागली तशी दुसऱ्या हाताने काचेची कांडी फिरवत राहिली. अगदी हळू, नाहीतर चिकटलेलं सुटतं.

मॅडमनी मोजलं. एकेका अंड्यावर तीस-चाळीस शुक्राणू. त्यांनी दुसऱ्यांदा मोजलं आणि मसुद्यातली नरांवरची ओळ खोडली.

“मावशी, आभारात तुमचं नाव घालते.”

“आभारात नको. पद्धत लिहिता ना, तिथे घाला. हात माझा होता.”

मॅडमनी तिथेच घातलं.