चेअरमनचा हार

झेंडूचा वास आला की काळाचौकीच्या तबेल्यातली थंडीतली एक सकाळ आठवते. ऑफिसआधी मी तिथल्या म्हाताऱ्या घोडीला खरारा करायचो, मग तिच्यावरून थोडी रपेट मारायचो. वरातीची घोडी ती. त्या दिवशी रपेट नव्हती, कारण दोन दिवस तिने दाण्याला तोंड लावलं नव्हतं. ऑफिसात चेअरमन यायचे होते आणि त्यांचा हार दादरहून मीच आणला होता. खरारा करताना तिने मान वळवून तो पिशवीतून ओढला आणि चावू लागली. मी हिसकावायला गेलो. "खाऊ दे रे!" तबेलेवाले मामा ओरडले. "तुझा चेअरमन काय उपाशी मरतोय?" मी हात मागे घेतला. चेअरमनचं स्वागत नुसत्या टाळ्यांवर भागलं. घोडी आठवड्याभरात गेलीच. मी त्या दिवशीही ऑफिसला गेलो. अजूनही जातो, आता अगदी वेळेवर.