साडूची साखर

भोवऱ्याला दोन दुखणी होती. एक मधुमेह आणि दुसरं म्हणजे साडू. पहिल्यावर डॉक्टरांनी गोळी दिली होती, दुसऱ्यावर कुणाकडेच औषध नव्हतं.

भोवरा हे त्याचं कामावरचं नाव. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो मेकॅनिक होता, आणि त्याला स्वस्थ उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा तो चालता चालता प्यायचा. त्याच कंपनीत, त्याच टोळीत, त्याच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. त्यांना सगळे निवांतराव म्हणत. हा माणूस स्क्रूसुद्धा असा पिळायचा, की जणू त्याला झोपेतून हळूच उठवतोय.

दोघांना मधुमेह निघाला तोही मागेपुढे, एकाच वर्षात. भोवऱ्याला वाटलं, चला, निदान ह्यात तरी बरोबरी झाली. पण कसली बरोबरी! निवांतरावांची साखर गोळी सुरू झाल्यावर शहाण्या मुलीसारखी खाली येऊन बसली आणि भोवऱ्याची मात्र दारं आपटत फिरत राहिली.

"अहो, भाऊजींची आज एकशेवीस आली म्हणे," बायको पोळी वाढता वाढता सांगायची. "ताई म्हणत होती, काही करत नाहीत, जेवण झालं की गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात, तेही गप्पा मारत."

"मग त्यांनाच वाढ पोळी."

"बघा, चिडलात. ताई म्हणते, भाऊजी कधी चिडतच नाहीत."

भाजी चांगली असायची, पण तिला साडूची चव यायची.

त्यानं ठरवलं, साडू चालतो ना? मग आपण पळायचं. त्याचा हिशेब साधा होता. साखर हे इंधन, जितकं इंजिन तापेल तितकं जळेल. राहत्या इमारतीची लिफ्ट त्यानंच बसवलेली, पण तिच्याकडे ढुंकूनही न बघता तो रोज सकाळी तळापासून गच्चीपर्यंत जिने चढायचा. चढायचा कसला, पाठीमागे कुत्रं सोडल्यासारखा सुटायचा. शेजारीण दुधाची पिशवी घेऊन भिंतीला चिकटून उभी राहायची. वर पोचला की खिशातलं यंत्र काढायचा, बोट टोचायचा आणि आकडा बघायचा.

आकडा पळण्याआधी असायचा त्याहून जास्त!

पहिल्यांदा त्यानं यंत्रावर संशय घेतला आणि नवं यंत्र आणलं. नव्यानंही तसाच चढा आकडा दाखवला. मग बायकोवर संशय. "चहात साखर घालतेस का गुपचूप?" त्यावर ती जे म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग त्यानं आणखी जोरात पळायला सुरुवात केली. जितका जोर, तितका आकडा वर. शेवटी वैतागून त्यानं एक युक्ती काढली. गच्चीवर आकडा चढलेला दिसला की डॉक्टरांना न विचारता एक गोळी जास्तीची गिळायची. कुणालाही न सांगता.

हे सगळं इतकं जिवाला का लागलं होतं, तर कंपनीनं नियम काढला होता. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या त्या उंच विहिरीत, डब्याच्या टपावर उभं राहून काम करणाऱ्यांपैकी ज्यांना मधुमेह आहे त्यांना कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी पास केलं पाहिजे. नापास झाला तो स्टोअरमध्ये नट-बोल्ट लावत बसणार. भोवऱ्याचं सगळं आयुष्य त्या विहिरीत गेलेलं. अंधारात नुसता आवाज ऐकून कुठला रोलर झिजलाय ते तो सांगायचा. ते काम जाणार, आणि जाणार कुणाकडे? उघड होतं. आपण खाली वॉशर निवडतोय आणि वर टपावर साडू निवांत उभा आहे, ह्या चित्रानं त्याची झोप उडायची.

तपासणीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी भोवरा नेहमीसारखा पळाला, आकडा बघून नेहमीसारखी जास्तीची गोळी घेतली आणि कामावर आला. दुपारी दोघे साडू एका जुन्या इमारतीच्या शाफ्टमध्ये टपावर होते. भोवरा पाना फिरवत होता आणि एकाएकी पाना त्याच्या हातात नाचायला लागला. कपाळावर गार घाम. समोरचे दोर दुप्पट दिसायला लागले.

निवांतरावांनी आधी लाल बटण दाबून लिफ्ट बंद केली. मग भोवऱ्याच्या कंबरेच्या पट्ट्याला धरून त्याला खाली बसवलं आणि खिशातून बिस्किटांचा पुडा काढला.

"घ्या साडूभाऊ. गोड आहेत. आज चालतील."

"मला काही झालेलं नाही."

"नाही ना? मग मला एकट्याला खायला लाज वाटते म्हणून घ्या."

भोवऱ्यानं बिस्किटं खाल्ली. थोड्या वेळानं हात थांबला. निवांतराव पाना उचलून राहिलेलं काम करायला लागले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. आता हा माणूस आपलं गुपित खिशात घालून फिरणार, बिस्किटांच्या पुड्याशेजारी, ह्या विचारानं भोवरा घरी जाईपर्यंत धुमसत राहिला.

तपासणीचा दिवस उजाडला. डॉक्टरीणबाईंची खोली कंपनीच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर. निवांतराव लिफ्टपाशी उभे होते, आरशात भांग नीट करत. "या की साडूभाऊ, जागा आहे."

"तुम्ही या सावकाश," असं म्हणून भोवरा जिन्याकडे सुटला. शेवटचा झपाटा! उरलीसुरली साखर जाळून टाकायची, आणि वर साडूच्या आधी पोचायचं. पोचला. दार उघडून आत गेला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मागोमाग निवांतराव आले ते लिफ्टमध्ये भेटलेल्या कारकुनाशी बोलणं पुरं करत.

निवांतरावांचा आकडा सुरेख. भोवऱ्याचा आकडा बघून बाईंनी चष्मा सारखा केला.

"गंमत आहे. तुमची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी इतकी वाईट नाही. मग हा एवढा आकडा कुठून आला? इथं येण्यापूर्वी काय केलंत?"

"पळत आलो. जिन्यानं." भोवरा अभिमानानं म्हणाला. "रोज पळतो. ह्यांच्यासारखा रमतगमत नाही जात."

बाई हसल्या. "अहो, असं जीव तोडून पळालात की शरीराला वाटतं मागे वाघ लागलाय. लगेच ॲड्रेनलीन सुटतं, जोडीला ग्लुकॅगॉन. ही हार्मोन्स यकृताला हुकूम देतात, साखरेचं कोठार उघडा! स्नायू खर्च करतात त्याहून जास्त साखर रक्तात येऊन पडते. वर हे ॲड्रेनलीन इन्सुलिनलाही दाबून धरतं. धडधाकट माणसात पळणं थांबलं की इन्सुलिन धावत येऊन सगळं आवरतं. तुमच्यात ते रेंगाळतं. म्हणून आकडा वर."

"आणि हे?" भोवऱ्यानं साडूकडे बोट केलं. "हे तर काहीच करत नाहीत!"

"ते हळू चालतात. वाघ नाही, हुकूम नाही, कोठार जवळपास बंद. स्नायू आपले चालता चालता रक्तातली साखर घेत राहतात."

म्हणजे आळसाला बक्षीस! भोवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंनी त्याला बाकावर बसवून ठेवलं आणि बऱ्याच वेळानं पुन्हा बोट टोचलं. आकडा उतरला होता. बाईंचा चेहरा मऊ झाला.

"हे ठीक आहे. आता एकच. जोरात पळाल्यावर रिकामे झालेले स्नायू नंतर तासन्‌तास साखर ओढत राहतात. कधी दुपारी हात कापणं, घाम, असं काही?"

निवांतराव पंख्याकडे बघत होते, जणू त्याचं बेअरिंग तपासतायत. भोवऱ्यानं "नाही" म्हटलं की शाफ्ट त्याचा होता.

पण तो साडूच्या मेहेरबानीनं! उद्यापासून टपावर चढताना प्रत्येक वेळी ती शांत नजर, प्रत्येक वेळी तो पुडा. छे! त्यापेक्षा वॉशर निवडलेले बरे.

"कापतात," भोवरा ओरडल्यासारखा म्हणाला. "गेल्या आठवड्यात टपावर कापले. ह्यांनी धरलं. आणि मी रोज जास्तीची गोळी घेतो. झालं समाधान?"

बाईंनी आधी त्याला मनसोक्त झापलं. मग जास्तीची गोळी बंद, पळणं बंद, आणि पुढच्या तपासणीपर्यंत शाफ्टही बंद. "रोज जेवणानंतर चालायचं. हळू. बोलता येईल इतकं हळू. आणि एकट्यानं नाही, तुम्हाला आवरणारं कुणीतरी बरोबर पाहिजे."

"मी आहे की," निवांतराव म्हणाले.

तेव्हापासून जेवणानंतर गल्लीत दोन साडू दिसू लागले. चार दिवसांत भोवऱ्यानं ह्यातही शर्यत काढली. हळू चालायचं ना? मग साडूपेक्षा हळू! निवांतराव एक पाऊल टाकत, तेव्हा हा अर्धं टाकी. एकदा दोघांच्या बायका मागून येऊन पुढे निघून गेल्या, बाजार करून परत आल्या, तरी हे त्याच दिव्याच्या खांबापाशी.

"काय हो, मिरवणूक अडली का?" थोरली म्हणाली.

पुढची तपासणी झाली. ह्या वेळी भोवरा लिफ्टनं वर गेला. त्याचा आकडा साडूपेक्षा चक्क पाचनं कमी आला! बाई म्हणाल्या, "शाफ्ट तुमचा. खिशात बिस्किटं मात्र ठेवायची." शाफ्टचं त्याला ऐकूसुद्धा आलं नाही. तो साडूचं तोंड निरखत होता. आता पडेल, आता काळवंडेल, आता तरी ह्याच्या पोटात दुखेल.

"अरे वा, साडूभाऊ!" निवांतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मनापासून. "घरी सांगू चला. तुमच्या बायकोला मीच सांगतो."

लिफ्टचं दार बंद झालं. भोवरा कोपऱ्यात मुठी आवळून उभा राहिला. जळतासुद्धा येत नाही ह्या माणसाला! काय नशीब घेऊन आलाय! लिफ्ट सावकाश खाली चालली होती, पण त्या क्षणी कुणी भोवऱ्याचं बोट टोचलं असतं, तर आकडा गच्चीवर सापडला असता.