विजेच्या ओळीतलं शून्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — दत्तूमामा तिचे सख्खे भाऊ. तुम्हाला सांगते, कारण कधीतरी माझं पत्रक तुमच्या हाती पडलं असेल आणि तुम्ही ते खरं मानलं असेल.

पत्रकं मी चांगली लिहायचे. ठळक अक्षरं, समोरच्याकडे रोखलेलं बोट. कुठलं इंधन जाळलं की किती कार्बन डायऑक्साइड, असं एक पत्रक आमच्या पर्यावरण गटानं म्हैसूरभर वाटलं. लाकूड, कोळसा, डिझेल, गॅस — आणि शेवटची ओळ विजेची. तिच्यापुढे मी शून्य छापलं. घरात इस्त्री तापते तेव्हा घरात काही जळत नाही, हे खरं. पण वीज जिथे तयार होते तिथे? आपल्याकडे दगडी कोळसाही जाळतात, मला ठाऊक होतं. तळटीप लिहून तयार होती. मीच काढली. का? लोकांनी वाचून लगेच बदलावं, विचार करत बसू नये — असं मला वाटायचं. मला! इतरांच्या खोटेपणावर तुटून पडणारीला!

मामा शिंपी. दुकानात पितळेची इस्त्री, आत करवंटीच्या कोळशाचे निखारे. देवळाच्या हॉलमध्ये आमची सभा झाली, तिथे मी त्यांचंच उदाहरण दिलं. नाव घेऊन. सगळ्या नात्यागोत्यासमोर. मामांनी हात वर केला.

"काय गे, मग करंटला काय जाळतात?"

त्या सभेतला एकमेव शहाणा प्रश्न. आणि मी काय केलं?

"करंट पाण्यावर होतो, मामा. शिवनसमुद्राच्या धबधब्यावरचं वीजघर बघायला जाऊन नुसतं चित्रान्नच खाऊन आलात वाटतं!"

हॉल हसला. मामाही हसले, पण कान लाल झाले होते. थोडं खरं होतं ना त्यात — पाण्यावरही होतेच वीज. अर्धं खरं मी नेमकं त्यांना गप्प करायला वापरलं.

पुढच्याच महिन्यात त्यांनी पितळेची इस्त्री मोडीत घातली, विजेची आणली. पत्रक आरशाशेजारी चिकटवलं.

एकदा मी ब्लाउज टाकायला गेले होते. वीज खात्यातून निवृत्त झालेले एक गिऱ्हाईक ते पत्रक वाचून म्हणाले, "अय्यो दत्तू, शून्य कुठलं? तुझी करवंटीच बरी होती की रे. तिचा धूर पुढं उगवणारा माड ओढून घेतो. खाणीतला कोळसा एकदा जाळला की परत खाली जातो का?"

"इल्ला सार, तसं नाही," मामा म्हणाले, "आमच्या पोरीनं छापलंय. ती खोटं छापायची नाही. हिलाच विचारा."

दोघंही माझ्याकडे पाहत होते. एक वाक्य पुरलं असतं — तेही भर सभेत नाही, घरातल्या माणसाशी.

"मामांचं बरोबर आहे," मी म्हणाले.

आता गिऱ्हाइकं त्यांना 'पाणीवाला दत्तू' म्हणून चिडवतात. ते चिडत नाहीत. पत्रकावर बोट ठेवतात, खाली माझं नाव दाखवतात आणि भांडतात — माझ्या बाजूनं. मी दुकानावरूनच घरी जाते. मामा आतून हात करतात, मीही करते. थांबत नाही.