सतरावा प्रश्न

संशोधनाचा अहवाल लिहून झाला की खरी पंचाईत सुरू होते. जे त्यात बसलं नाही, ते डोक्यात साचत राहतं. आमच्या अहवालाला सात परिशिष्टं आहेत. पण जीपमध्ये, मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये आणि शाळांच्या व्हरांड्यात जे घडलं त्याला एकही नाही. मित्र भेटले की मी तेच सांगत बसतो. अहवालाबद्दल कुणी विचारत नाही, आणि विचारू नये अशीच माझी इच्छा असते.

मी मानसशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. सातारा-सांगलीतल्या शाळांत जायचं आणि आठवी ते दहावीच्या मुलांच्या मनाचं कसं चाललंय ते पाहायचं, असा प्रकल्प माझ्या वयाचा मान ठेवून कुणीतरी माझ्या गळ्यात घातला. आम्ही तिघं होतो. मी, समुपदेशक सुनीता मगदूम, आणि जीप चालवणारा खंडू. खंडू आटपाडीकडचा, फौजेतून निवृत्त झालेला.

मुलांनी भरायच्या फॉर्ममध्ये चोवीस प्रश्न. तेवीस कुणालाही विचारता येतील असे. सतरावा मात्र वेगळा: स्वतःला मुद्दाम कधी इजा केली आहेस का? मला दोन गोष्टींची भीती होती. एक, या प्रश्नाला कुणीच 'हो' लिहिणार नाही. दुसरी, कुणीतरी लिहील.

*

तो प्रश्न इंग्रजीतून भाषांतर होऊन आमच्याकडे आला तेव्हा असा होता: 'आपण स्वतःस हेतुपुरस्सर शारीरिक इजा पोहोचविली आहे काय?' मी त्यावर तीन महिने काम केलं. 'हेतुपुरस्सर' काढून 'जाणूनबुजून' घातलं. मग 'जाणूनबुजून'मध्ये आरोप आहे असं वाटलं, म्हणून ते काढलं. मग काहीच उरलं नाही, म्हणून परत घातलं.

एकदा जीपमध्ये मी सगळे मसुदे मोठ्यानं वाचून दाखवत होतो. खंडू म्हणाला, "सर, कोर्ट मार्शलमधी विचारत्यात तसं वाटतंय."

"मग तू कसं विचारशील?"

त्यानं गिअर बदलला. "मन लय भरून आलं, सोसंना, म्हणून कवा स्वतःलाच दुखवलंस का? असं."

मगदूम मॅडमनी ते लगेच उतरून घेतलं. पहिल्याच शाळेत मुलांना कुठलीही शंका आली नाही. भाषांतर कुणी तपासलं हे अहवालात लिहावं लागतं. मी लिहिलं, 'क्षेत्रातील तज्ज्ञाच्या सूचनेनुसार', आणि खंडूला दाखवलं.

"मी तज्ज्ञ?" तो म्हणाला. "मग गाडी आता तुमी चालवनार काय?"

*

खंडूचा एकच नियम होता. चार वाजता निघायचं. घाटात धुकं उतरायच्या आत खाली यायचं, हे त्याचं कारण. पण तासगावच्या सपाट रस्त्यावरही चार म्हणजे चारच.

तिथल्या एका शाळेत मी आभाराचं भाषण करत होतो. वाक्य जरा लांबलं. क्रियापदापाशी पोचायच्या आत जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांबही गेला. पुढे बसलेल्या मगदूम मॅडमची समजूत अशी की मी मागच्या सीटवर नेहमीसारखा पेंगतोय. तीन किलोमीटरवर त्यांनी मागे वळून पाहिलं.

परत आल्यावर खंडू खाली उतरला आणि दार उघडून धरून म्हणाला, "आवं सर, माझी चूक न्हाई. मागं एवढी शांतता हुती, मला वाटलं तुमी विचार करताय."

*

एका शाळेचे मुख्याध्यापक फार उत्साही निघाले. परवानगीसाठी फॉर्मची प्रत त्यांना आधी पाठवली होती. आम्ही पोचलो तेव्हा मुलं ओळीनं पेन काढून तयार.

"दोन दिवस सराव घेतलाय," ते म्हणाले. "शिष्यवृत्तीला आमची शाळा कायम पुढं असते. नकारात्मक काही यायला नको, म्हणून सगळीकडं 'नाही' लिहायला सांगितलंय."

मुलांनी सांगितल्यासारखं केलं. मला मित्र आहेत: नाही. मला शांत झोप लागते: नाही. घरी माझं कुणी ऐकतं: नाही. गुण मोजले तर अख्खा वर्ग तातडीच्या उपचारांना पात्र ठरला. त्या वेळी तो वर्ग खिडकीबाहेर हसतखिदळत डबे खात होता.

मी निकाल सांगितला तेव्हा मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. मग त्यांनी हळूच विचारलं, "सर, फेरपरीक्षा घेता येईल का?"

इथं मित्र हसतात. मी पुढं सांगतो की सतराव्या प्रश्नालाही सगळ्यांचं 'नाही' होतं, आणि त्या गठ्ठ्यात एखादा खरा 'हो' असता तर तोही 'नाही' होऊन गेला असता. यावर मित्र म्हणतात, ते कोयनेचं सांगा.

*

कोयनेचं असं. भीती मोजणाऱ्या प्रश्नांत एक होता: 'पायाखालची जमीन हलतेय असं वाटतं का?' कोयनानगरच्या वर्गानं एकमुखानं खूण केली: 'अनेकदा'.

मी हादरलो. परतीच्या वाटेवरच टिपण लिहायला घेतलं. किशोरवयीन मुलांमधील सामूहिक भयभावना, तिची संभाव्य कारणं, कुटुंबाची भूमिका. दोन पानं झाली. मगदूम मॅडमनी ती शांतपणे वाचली आणि परत दिली.

"सर, इथं जमीन खरंच हलते."

माझं सगळं आयुष्य याच भागात शिकवण्यात गेलं आहे. आता मला काय शिकवता येत होतं, याचा मी अधूनमधून विचार करतो.

*

विट्याला पालकांची संमती घेणं म्हणजे फोनचं काम. तिथले कितीतरी बाप परमुलखात सोनं गाळायची दुकानं चालवतात. नववीतल्या एका मुलीचे वडील तामिळनाडूत होते. आईनं व्हिडिओ कॉल लावून दिला. ते भट्टीसमोर बसलेले, मागे दुकानातली चार माणसं माझ्याकडं पाहत उभी.

मी फॉर्म वाचून दाखवला. सतराव्या प्रश्नापाशी त्यांनी हात वर केला. "सर, असलं विचारून पोरीच्या डोक्यात नसलेलं यायचं न्हाई न्हवं?"

"विचारल्यानं येत नाही," मी म्हणालो. "असलंच तर बोलायला वाट होते." शास्त्र हेच सांगतं. मी ते शेकडो वेळा वर्गात सांगितलंय, आणि दरवेळी घरी आल्यावर पुस्तक उघडून पुन्हा पाहिलंय.

त्यांनी मागच्या माणसांना हातानं बाजूला जायची खूण केली आणि फोन तोंडाजवळ आणला.

"माझ्या वयाच्या मानसासाठी असला फॉर्म न्हाई का?"

"नाही."

"बरं. असू दे. पोरीला विचारा."

*

मेढ्याच्या बाजूला, डोंगरातल्या एका शाळेत, सतराव्या प्रश्नाला 'हो' आलं. पेन दाबून लिहिलेलं. शेवटच्या पानावर 'कुणाशी बोलायचं असेल तर नाव लिहा' अशी जागा होती. ती कोरी.

वर्गशिक्षक भला माणूस. ते म्हणाले, "अक्षर दाखवा सर, दोन मिनिटांत ओळखतो." मला मोह झाला, हे कबूल करतो. पण फॉर्मच्या पहिल्याच ओळीत आम्ही छापलं होतं: तुम्ही कोण, हे कुणी शोधणार नाही. शोधावं तर शब्द मोडतो, न शोधावं तर पोर एकटं राहतं. मी दोन दिवस प्रकल्पाच्या नीतिसमितीला पत्र लिहीत होतो. तेवढ्यात मगदूम मॅडमनी मुख्याध्यापकांना विचारून ग्रंथालयाची खोली मागून घेतली.

"हजेरीच्या नंबरानं सगळ्यांनाच बोलावायचं," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाला सारखाच वेळ. सगळीच आत गेली की कोण कशाला गेलं, ते कुणाला कळत नाही."

दर गुरुवारी आम्ही जाऊ लागलो. कुणी कान लावू नये म्हणून मला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं होतं. तेवढं मला जमेल, असं ठरलं होतं. मुलं आत जात, बाहेर येत. नाव न घेता मॅडम एवढंच सांगत, की गणितावर बोलतात, आईवर बोलतात, क्रिकेटवर बोलतात. त्या 'हो'बद्दल कुणीच नाही.

तिसऱ्या गुरुवारी चारला थोडा वेळ होता. समोर डोंगरावर धुकं उतरायला लागलं होतं आणि खंडूनं जीप चालू करून ठेवली होती. एक मुलगी खांबापाशी येऊन उभी राहिली. तिचा नंबर मागच्याच गुरुवारी होऊन गेला होता.

"सर, त्या सतराव्या प्रश्नाला कुनी 'हो' लिवलंय का?"

"एकानं लिहिलंय."

"कोन ते कळलं?"

"नाही."

"शोधलं न्हाई?"

"शोधणार नाही, असं लिहून दिलंय ना."

ती चपलेच्या टोकानं फरशीची फट कोरत होती. "आनि तेनं आपनहून येऊन सांगितलं, तर काय करता?"

अशा वेळी काय करायचं, याच्या चार पायऱ्या मीच लिहिल्या होत्या. कागद माझ्या खिशात होता. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"आधी बस म्हणेन," मी म्हणालो.

"आनि मग?"

"मग ऐकेन. मला नीट ऐकता येतं की नाही, खात्री नाही. आतल्या मॅडमना येतं. त्यांना बोलवू?"

"थांबा जरा."

तिनं दप्तर खांद्यावरून काढलं, बाकाच्या त्या टोकाला ठेवलं आणि त्याच्याशेजारी बसली.

शाळेच्या घड्याळात चार वाजले. खंडूनं घड्याळाकडं पाहिलं, मग आमच्याकडं पाहिलं, आणि इंजिन बंद केलं.